तात्यांचा रस्ता

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येतं. वाचणाऱ्याने तेवढं पोटात घालावं. तात्या वारले, त्यांच्या शोकसभेत सगळे फार चांगलं बोलले. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मला ठाऊक असलेले तात्या इथे लिहिते.

तात्या आमच्या गावचे. अंधेरीला आमच्याच चाळीत राहायचे आणि लोकांना जमिनी दाखवायचे. कुठलंही अंतर ते विडीत सांगत. "स्टेशनापासून एक विडी." रविवारी गिऱ्हाइकांना घेऊन बोरीवलीला उतरले की स्टेशनाबाहेर विडी पेटवायची, पहिल्या कोपऱ्यावर विझवून कानावर ठेवायची, आणि जागा आली की पुन्हा पेटवून शेवटचा झुरका घ्यायचा. "बघा, एकच झाली!" घामाने निथळणारे लोक हसायचे. मीही हसले होते.

ह्यांची गिरणी बंद पडली आणि आम्ही सहा वर्षांच्या बेबीला घेऊन मोठ्या दिरांच्या खोलीत राहायला आलो. झोपायला मोरीजवळची जागा मिळाली. जाऊबाई जेवायला वाढायच्या, पण सोबत तोंडही चालायचं. "घे गं, लाजू नकोस. धर्मशाळाच आहे ही." मला स्वतःच्या चार भिंती हव्या होत्या, दुसरं काही नको होतं. आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या, पाच हजार आले, ते तात्यांच्या हातात दिले. पावती मागायचा ह्यांना संकोच वाटला. गाववाल्याकडे पावती कसली मागायची!

मग तात्यांनी आम्हाला जागा दाखवली. बोरीवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, नुसता चिखल आणि तिवरं. तात्या चपला हातात घेऊन चिखलात उभे राहिले आणि नसलेल्या गोष्टी दाखवू लागले. "हयसून लिंक रोड जातलो. थंय बस थांबतली. तो बगळो बसलो हा मा, थंय शाळा." चार काठ्या रोवून त्यांनी सुतळी बांधली आणि बेबीला आत उभं केलं. "ह्या तुझा घर गो बाय. खिडकी खंय होयी ता सांग." बेबीने खाडीकडे बोट दाखवलं. परतताना ती ह्यांच्या खांद्यावर बसून सारखी मागे वळून बघत होती.

वर्षं गेली, रस्ता आला नाही. हे विचारायला गेले की तात्या म्हणायचे, "रस्तो काय माझ्या खिशात हा? येतलो. मी खंय पळान जातंय?" चाळीतल्या एका विधवेने मुलीच्या लग्नासाठी आपले पैसे परत मागितले. तेव्हा तात्या भर गॅलरीत म्हणाले, "लेक तुजी काळी, त्यात माजो काय दोष? माज्या रस्त्याची वाट बघ, नवऱ्याची नको." सगळी गॅलरी हसली. ती बाई पुन्हा आली नाही, आणि ह्यांनीही विचारणं सोडलं. जाऊबाई मात्र विसरल्या नाहीत. पाहुणे आले की मला हाक मारायच्या, "अगं बंगलेवाली, चहा टाक." बेबी तेरा वर्षांची झाली. मोरीजवळ झोपताना तिला पाय दुमडून घ्यावे लागायचे.

एक दिवस कुणीतरी म्हणालं, तिकडे रोलर फिरतायत. मी बेबीला घेऊन बसने गेले. रस्ता खरंच आला होता. डांबर ऊन होतं, चपलेला चिकटत होतं. आमच्या जागेवर मातीचा भराव पडला होता आणि लोखंडी सळ्या उभ्या होत्या.

"आई, एवढं मोठं आपलं?" बेबीने विचारलं.

मी तिथेच उभी राहून तात्यांच्या नावाने हात जोडले. येताना पेढे घेतले.

संध्याकाळी आम्ही दोघं पेढे घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी मोठ्या दिरांना आणि गावच्या दोघातिघांना हाका मारून बोलावलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडी मालवणी नव्हती.

"मंडळी, ह्यांनी माझ्याकडे पाच हजार ठेवायला दिले होते. ते सगळ्यांसमोर परत करतोय."

"आणि जागा, तात्या?" हे म्हणाले.

"कसली जागा? कागद आहे?"

ती जागा त्यांनी बिल्डरला कधीच देऊन टाकली होती. मोठ्या दिरांना ते माहीत होतं. हे खाली बघू लागले. मी तोवर पुरुषांसमोर कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले.

"तात्या, पण रस्ता आला ना?"

"आला ना! मी काय सांगत होतो?" तात्या खुशीत हसले. "माझा शब्द कधी खोटा झालाय?"

सगळे हसले. गावचा एक जण म्हणाला, "देवमाणूस तुम्ही, तात्या. एवढी वर्षं दुसऱ्याचा पैसा सांभाळणं सोपं नाही." दारातून जाऊबाई म्हणाल्या, "नशीब लागतं असा माणूस भेटायला." तात्यांनी आमच्या पुड्यातला पेढा उचलून तोंडात टाकला आणि नोटा पुढे केल्या.

"मोजून घ्या. मागून कटकट नको."

ह्यांनी नोटा घेऊन माझ्या हातात दिल्या, म्हणून मी मोजले. पाच हजार. एक पैसाही कमी नव्हता.