रत्नप्रभाच्या खोलीतलं कासव

ओढ्यावरचा रपटा ओलांडला तेव्हा नरहरभाऊजी म्हणाले, पंच्याऐंशी झाले. मी विचारलं, काय? तर त्यांनी मान वर करून दाखवलं. विजेचे खांब मोजत होते. चौतीस वर्षं लाइनमनची नोकरी केलेला माणूस, त्याला किलोमीटर कळत नाहीत. मी खाली बघून चालत होते, कारण रस्त्यावरची गिट्टी उघडी पडली होती. ते वर बघून चालत होते, आणि तरी ठेच मलाच लागत होती.

पौषातला सोमवार होता. माझे सोळा सोमवार चालू होते, त्यातला अकरावा. पांढरकवड्याहून टेकडीवरच्या महादेवापर्यंत नऊ किलोमीटर, दर सोमवारी मी एकटीच जाते. त्या दिवशी सकाळी दार उघडलं तर फाटकाशी भाऊजी उभे, कानाला मफलर. मी म्हटलं, भाऊजी, आज देवाला? म्हणाले, देवाले तुमी जा, मी चालाले येतो. हायवे सोडून आत वळलो तेव्हा धुकं होतं, तुरीच्या शेंगा ओल्या होत्या, आणि भाऊजी तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काहीतरी मागायचं होतं हे मला तेव्हाच कळलं. ज्याने जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही, त्याला तोंड उघडायला नऊ किलोमीटर लागतात.

आमच्या त्यांच्या घरांत एकच भिंत. त्यांची बायको रत्नप्रभा माझी बावीस वर्षांची मैत्रीण. म्हणून त्यांच्याबद्दल मी जे लिहिते ते ऐकीव नाही.

माणूस इमानदार होता. नोकरीत कोणाचा चहा घेतला नाही. पण ज्याचं बिल थकलं त्याची लाइन कापायला जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मी पाहिलं आहे. खेमसिंगच्या पिठाच्या चक्कीची लाइन त्यांनी ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी कापली. बाया डोक्यावर डबे घेऊन रांगेत उभ्या, त्यांच्यात मीही होते. खेमसिंग हात जोडत होता, म्हणत होता, साहेब, नोटिसा आल्या पण वाचल्या नाहीत. भाऊजी खांबावरून उतरले, हातमोजे काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कागद पाठवला त मानूस येत नाही. अंधार केला का धावत येते." दहा मिनिटांत खेमसिंग पावती घेऊन आला. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाळेत गणित सोडवून दाखवल्यासारखी.

घरातही तेच. रत्नप्रभाला गुडघ्यांचा वात होता आणि छातीचा दमा. आमच्याकडे पौषात पहाटे पाणी बोटांना चावतं. ती दर वर्षी एक हिटर मागायची, साधा, दोन कांड्यांचा. भाऊजी म्हणायचे, ज्या घरात लाइनमन राहतो त्या घरात हिटर लागला तर लोक म्हणतील फुकटाची वीज जाळतो. लोक काय म्हणतील ते खरंच होतं; पण तिचे गुडघेही खरेच होते. शेवटच्या हिवाळ्यात मी माझी कोळशाची शेगडी तिच्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी भाऊजींनी ती भिंतीवरून मला परत दिली. धूर होते, म्हणाले. शेगडी अजून गरम होती. सव्वीस जानेवारीला तिला न्यूमोनिया झाला आणि फेब्रुवारी लागायच्या आत ती गेली.

त्यांचा मुलगा साकेत पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. तेराव्याला त्याने बापाशी एक अक्षर काढलं नाही. नंतर तीन वर्षं फोन नाही, पत्र नाही. भाऊजींनी सुरुवातीला लावून पाहिले, त्याने उचलले नाहीत. मग त्यांनीही लावणं सोडलं. मला म्हणाले होते, पोरगं तिच्यावर गेलं, तापट. रत्नप्रभा तापट होती हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आणि मागच्या कार्तिकात साकेत गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर घमेल्याएवढं कासव. आफ्रिकेतल्या जातीचं, कागदपत्रांसकट. आपल्याकडची कासवं पाळायला बंदी आहे, हे चालतं. कॉलेजात असताना आणलं तेव्हा म्हणे वाटीएवढं होतं. आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मावेना. मी कासव दिसताच हात जोडले, सवयीने. साकेत हसला. तो पुण्यात कोणालाही ते देऊ शकला असता. त्याने आणलं इथे, आणि ठेवायला जागा दाखवली ती आईची खोली.

सामानाची यादी त्याने छापूनच आणली होती. बापाच्या हातात देताना मी तिथेच होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तो म्हणाला, "आईला दिली नाहीत ती ऊब याला द्या. दिवसरात्र. मी पुण्यात बसून बघीन."

भाऊजींनी यादी घेतली, चष्मा लावला आणि खालपर्यंत वाचली.

पुढचे चार दिवस त्या खोलीत जे काम झालं तसं मी कुठे पाहिलं नाही. प्लायवूडची सहा फुटी पेटी केली. एका टोकाला वरून साखळीने गरम दिवा टांगला. प्लास्टिकचा होल्डर वितळतो म्हणून चिनी मातीचा आणला, नागपूरहून. दिव्याखाली शहाबादी फरशी, म्हणजे ती तापेल आणि कासव तिच्यावर पोट शेकेल. दुसरं टोक मुद्दाम थंड ठेवलं. तिथे फुटका माठ आडवा पुरला, गरम झालं की त्याने तिथे जाऊन बसावं म्हणून. मधून एक लांब ट्यूब लावली. मी म्हटलं, खिडकीतून ऊन येतंच की. तर म्हणाले, काचेतून आलेल्या उन्हानं कवच घट्ट होत नाही, ज्यानं होतं ते काच अडवते. ट्यूबमधून तेच निघते. रात्री उजेड नको पण ऊब हवी, म्हणून एक काळा दिवा, जो तापतो पण दिसत नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात उजेड, पुढे काळा दिवा, हे सगळं आपोआप. दोन्ही टोकांना थर्मामीटर. अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ भरून वेगळी अर्थिंग दिली. ज्या खोलीत दोन कांड्यांचा हिटर लागू दिला नाही, तिथे मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढली.

वर कोपऱ्यात साकेतने बॅटरीवर चालणारा कॅमेरा लावला होता, फक्त पेटीवर रोखलेला. खोली थंड झाली की त्याच्या मोबाइलवर घंटा वाजायची.

मी चतुर्थीला गणपतीसाठी खुडलेल्या दुर्वांतल्या मूठभर कासवासाठी नेऊ लागले. ते मान ताणून, डोळे मिटत, सावकाश खायचं. त्या गरम खोलीत बसलं की मला रत्नप्रभाचे पाय आठवायचे. पलंग अजून तिथेच होता.

मग एक चूक झाली. शेतीपंपांना त्या आठवड्यात दिवसाची पाळी होती. पंप चालले की आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं, दिवा पिवळा होतो. भाऊजींनी थर्मामीटर बघितला आणि दिव्याची साखळी चार कड्या खाली घेतली. मग मेथी आणायला बाजारात गेले. पंप बंद झाले, व्होल्टेज चढलं. पाठीवर वरून येणारी धग कासवाला लवकर कळत नाही म्हणे. भाऊजी आले तेव्हा नख जळल्यासारखा वास होता आणि कवचावर रुपयाएवढा तपकिरी डाग.

साकेतचा फोन आला. तो काय काय बोलला ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, कारण भाऊजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मूर्ख म्हणाला, आईलाही असंच मारलंत म्हणाला. संपल्यावर भाऊजी भिंतीशी आले. मला वाटलं पाणी मागतील.

"अठरा मिनिटं बोल्ला, वैनी," ते म्हणाले.

लग्नाच्या पंगतीत किती पानं उठली ते सांगावं, तसं सांगितलं.

पंधरवड्याने मी संध्याकाळी सहाच्या सुमारास दुर्वा घेऊन गेले तर खोलीत अंधार. भाऊजी खुर्चीवर बसलेले, एक हात बटणावर, मांडीवर फोन. मी म्हटलं, लाइन गेली का? आमच्याकडे तर आहे. त्यांनी बोट ओठावर ठेवलं. पेटीत कासव मान आत घेऊन माठाच्या तोंडाशी बसलं होतं, आत जायलाही त्याला जोर राहिला नव्हता. काही वेळाने फोन वाजला. साकेतने विचारलं, लाइट का बंद आहे? भाऊजी म्हणाले, लाइन गेलती. कधी येईल? आली, आली, असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. मग घाईने विचारलं, जेवला का तू? तोवर फोन कट झाला होता.

मी घरी आले आणि कोणाला काही सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. पण मनात असंही आलं होतं की फोनवर बोलतात तर बोलू देत.

आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. आधी अर्धा तास, मग कितीही. मार्गशीर्ष संपता संपता कासवाच्या नाकातून फेस येऊ लागला, डोळे चिकटले. दुर्वा पुढे ठेवल्या तरी तोंड उघडेना. गुरांचे डॉक्टर आले, छातीत थंडी बसली म्हणाले, सुई दिली. ही खोलीच तशी, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी साकेतचे तीन फोन आले. तिसरा व्हिडिओचा येणार होता, म्हणून भाऊजींनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि फोन तोंडासमोर धरला. मी दारात होते. साकेत म्हणाला, "तुमचा चेहरा नको. त्याचं नाक दाखवा."

भाऊजींनी फोन खाली वळवला. चार मिनिटं धरून ठेवला, हात न हलवता, खांबावर तार धरावी तसा.

हे सगळं माझ्या मनात होतं, म्हणून त्या सोमवारी टेकडीच्या पायथ्याशी मी विषय काढलाच. म्हटलं, भाऊजी, मुकं जनावर आहे. देवाच्या दारात त्याला जागा आहे, त्याच्यावर पाय न देता आपण आत जातो. त्याला असं गारठवता, पाप लागेल.

ते थांबले. वर पाहिलं नाही.

"लोकाइच्या घरी मी अंधार केला, वैनी. लेकरं चिमणीवर अभ्यास करत. तवा पाप नाही लागलं, कायद्यानं होतं." मग म्हणाले, "ते जनावर जगलं पाह्यजे, मले समजते. पन ते बरं असलं त तो फोन करत नाही."

मी म्हटलं, तुम्हीच लावा ना त्याला. म्हणाले, लावतो, तो उचलत नाही. फक्त त्या घंटेला उठतो.

मी वर गेले, बेल वाहिला, नमस्कार केला. काय मागावं ते सुचलं नाही. रत्नप्रभाचं नाव घेतलं आणि कासवाचंही. खाली आले तेव्हा भाऊजी पायरीवर बसले होते आणि त्यांनी घराची किल्ली दोघांच्या मध्ये दगडावर ठेवली होती.

त्यांच्या पोटात गाठ होती. गुरुवारी नागपूरला भरती व्हायचं, शुक्रवारी ऑपरेशन. भावकीतला एक जण सोबत येणार होता. डॉक्टरने सही करायला मुलगा विचारला होता, यांनी सांगितलं होतं बाहेरगावी असतो. मी म्हटलं, साकेतला कळवायला नको? मी कळवते, माझा उचलेल तो.

"नका कळवू. कळवलं अन् तो आला नाही, त मंग मले समजून जाईल," ते म्हणाले. "आता कसं, त्याले माहीतच नाही म्हून येत नाही."

मी किल्लीला हात लावला नाही. म्हटलं, चारा-पाणी बघीन, डॉक्टरला बोलावून सुई देववीन, दिवा सांभाळीन. ते मान हलवत राहिले, हो, हो, ते तर आहेच. मग मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"वैनी, एक काम करा. शुक्रवारी चारले मले बाहेर आनतीन म्हने. फोन माझ्या उशाशी ठेवाले सांगतलं आहे. तुमी तीनलेच दोन्ही दिवे बंद करा, काळावाला बी. घंटा तिकडं वाजंल, तो इकडं लावंल. मी उचलला का नाही ते सोबतवाला तुमाले कळवंल. उचलला, त बटन दाबून द्या. नाही उचलला, त दाबू नका. वाजू द्या त्याले."