पुन्हा पहिल्यापासून

त्या उन्हाळ्यात मी ठाण्याची नोकरी अर्धवट टाकून जव्हारला घरी आलो होतो. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचाही गेली. नाशिकच्या इस्पितळातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईल हळूहळू. कदाचित नाहीही येणार. तुम्ही मात्र त्यांच्याशी बोलत राहा."

बोलायचं काय, हाच प्रश्न होता. आयुष्यभर शाळेत शिकवत आलेला माणूस. सबंध वर्गाला एका शब्दात गप्प करणारा. तो आता खुर्चीत बसून नुसता "हा... हा..." करायचा आणि आपलं आपल्यालाच न समजून डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थापा मारायचा. आई त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारायची, "पाणी पायजे? पंखा लावू?" ते नकारार्थी मान हलवायचे आणि पुन्हा थापा मारायचे. मी तेवढ्यात उठून अंगणात जायचो. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून एसटी स्टँडपर्यंत. तिथे ठाण्याची गाडी उभी असली की तिच्याकडे बघून परत यायचो. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, जूनपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढचं सांगता येत नाही. घरात बसवत नव्हतं आणि जाताही येत नव्हतं.

ताई सूर्यमाळच्या शाळेवर होती. तिथून जीपने मोखाड्याला आणि मोखाड्याहून एसटीने ती शनिवारी घरी यायची; सुट्टीतही तिथेच राहून गावात उरलेल्या मुलांना शिकवायची. तिच्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाशी परतायची, तोवर वजाबाकी, भागाकार सगळं विसरलेलं असायचं. अशा मुलांसाठी तिने गणिताच्या सरावाचं एक पुस्तक लिहिलं होतं. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, वाटे, टँकरच्या पाण्याचे हंडे, जीपमध्ये कोंबलेली माणसं, असली उदाहरणं. आणि लिहिलं होतं मुलं घरी बोलतात त्या बोलीत.

त्या बोलीवरूनच दिवाळीत तिचं आणि बाबांचं वाजलं होतं. बाबा स्वतः दाभोशाकडच्या एका पाड्यातले, त्यांच्या घरात पाटी हातात धरणारे पहिलेच. पण आम्हां दोघांना त्यांनी ती बोली लागू दिली नव्हती. लहानपणी मी "पाणी तापला" म्हटलं की स्वयंपाकघरातून नाही, बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, "तापलं!" आई तिच्या बहिणींशी बोलायची तेवढीच ती बोली आमच्या कानावर. ताईचं पुस्तक बघून बाबा म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोरांना ज्यातून बाहेर काढलं त्यात तू त्यांना परत ढकलतेस." ताई म्हणाली, "बाबा, त्यांना गणित येत नाही असं नाही. प्रश्नच कळत नाही." मग दोघांनी बोलणं टाकलं. पुढे झटकाच आला, आणि ते भांडण तसंच राहिलं. ताई दर शनिवारी येऊन बाबांचे पाय चोळायची, पण पुस्तकाचं नाव काढायची नाही.

मला मात्र तिने अंगणात गाठलं.

"अरे, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर होईल का हे? शाळा उघडायच्या आत हवंय."

"बाजारात टाइप करून घे ना."

तिने पिशवीतून कागद काढला. बाजारात एकदा करून घेतलंच होतं. तीन-चतुर्थांशाची मधली आडवी रेघ गळाली होती आणि पाऊण हंडा पाण्याचे चौतीस हंडे झाले होते. मी हसलो. ती हसली नाही. "पोरं चौतीसच लिहिणार रे," ती म्हणाली.

माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. ठाण्याच्या कंपनीने भंगारात काढलेला, मी उचलून आणलेला. गणिताची पुस्तकं जगभर ज्यावर जुळवतात ती टेक नावाची प्रणाली मला थोडी ठाऊक होती. अपूर्णांक, भागाकाराची मांडणी, सगळं ती नेमकं बसवते, आणि तिच्यात देवनागरीची सोयही होती. कंपनीतल्या मित्राने तिची सीडी पाठवली. मला वाटलं, दुपारी बसवतो, संध्याकाळी पहिलं पान.

सीडीवरचे तयार प्रोग्राम माझ्या यंत्रावर चालेनात. यंत्र ज्यावर चालतं त्या लिनक्सच्या नव्या आवृत्तीसाठी ते केलेले होते, माझं लिनक्स म्हातारं. नवं लिनक्स त्या यंत्राला पेलणारं नव्हतं. एसटीडी बूथवरून मित्राला फोन केला तर म्हणाला, "सीडीवर सोर्स आहे. मूळ प्रोग्रामच आहे सगळा. तुझ्याच मशीनवर कंपाइल कर, म्हणजे मशीन स्वतःला चालेल असा प्रोग्राम त्यातून बनवेल. फक्त मोठं आहे, वेळ लागेल."

मोठं म्हणजे किती मोठं, ते सुरू केल्यावर कळलं. एक प्रोग्राम नव्हताच तो, प्रोग्रामांचं गावच होतं. पान जुळवणारा वेगळा, अक्षरांचे ठिपके काढणारा वेगळा, छापायला पाठवणारा वेगळा, आणि त्या सगळ्यांना लागणारे आणखी कितीतरी. आधी यंत्र स्वतःचीच तपासणी करायचं. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. एखादी गोष्ट नाही म्हटल्यावर तिथेच अडून बसायचं. ती वगळायची कशी हे शोधून मी पुन्हा सुरू करायचो. मग एकदाचं ते खऱ्या कामाला लागलं आणि पडद्यावर ओळी खालून वर सरकू लागल्या.

यंत्र तापत होतं म्हणून त्याच्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलं आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. तो फॅन बाबांचा. मग आईने बाबांची खुर्चीच उचलायला लावली आणि कॉम्प्युटरच्या शेजारी आणून ठेवली. "दोघांना लागंल वारा," ती म्हणाली.

बाबा पडद्याकडे बघू लागले. आधी मला वाटलं, नजर आपोआप गेली असेल. पण ते ओळींबरोबर डोळे वर नेत होते, पुन्हा खाली आणत होते. डावा हात दांडीवर नुसता पडून होता. दुपारभर त्यांनी एक थाप मारली नाही.

आणि वीज गेली.

त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असं होतं की वीज जाणं हेच वेळापत्रक आणि येणं ही मेहरबानी. मी फारसा घाबरलो नाही. हे काम मधेच तुटलं तरी झालेला भाग पुन्हा करावा लागत नाही, यंत्र फायलींच्या तारखा बघून उरलेलंच करतं, हे मला माहीत होतं. वीज आल्यावर मी सुरू केलं, तर त्याने पहिल्या फायलीपासून सुरुवात केली. वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी सुरू करावं, दुपारी वीज जावी, आली की पुन्हा पहिल्यापासून. मी सीडी पुसून बघितली, आज्ञा बदलून बघितल्या, यंत्राला शिव्या घातल्या. मधे ठाण्याहून साहेबांचा फोन बूथवर आला, "येतोयस ना?" मी "हो" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बूथच्या बाहेर उन्हात किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. रस्त्यावरून येताना भर वैशाखात मी पळत होतो, कारण नसताना.

पुढच्या शनिवारी ताईने विचारलं, "कुठवर आलं?"

"तिथंच आहे."

"म्हणजे नाही होणार?"

"तसं म्हटलं का मी?" मी तिच्या अंगावर ओरडलो. बाबांनी दांडीवर जोरात थाप मारली. तिला की मला, कळलं नाही.

उलगडा आईमुळे झाला, तिच्या नकळत. बाबांच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली का, म्हणून तिने विचारलं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. मी पडद्यावर वेळ बघितली. शेजारी तारीख होती ती कितीतरी वर्षांपूर्वीची, मी शाळेत होतो तेव्हाची. मी बघतच राहिलो. यंत्राच्या आतला बटणासारखा सेल संपला होता. वीज गेली की त्याचं घड्याळ मागे, थेट जन्माच्या वेळेला जात होतं. मग ते जे काम करी त्याच्यावर ती जुनी तारीख पडे, आणि पुढच्या वेळी ते बघे तर मूळ फाइल नवी आणि तिच्यापासून केलेलं काम तिच्याहूनही जुनं. म्हणजे हे काम जुनं झालं, परत करा. बिचारं प्रामाणिकपणे पुन्हा करायला घेत होतं.

मी इतका मोठ्याने ओरडलो की आईच्या हातातली गोळी पडली. घड्याळांच्या दुकानातून सेल आणला, तारीख नीट लावली, आणि सगळं पुन्हा सुरू केलं. आता वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी ते राहिल्या ठिकाणाहून पुढे जाऊ लागलं. मधे तुटलेली एखादी अर्धी फाइल पुसावी लागे, तेवढंच. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. मी पडद्यासमोर बसायचो, उठायचो, दाराशी जायचो, परत यायचो. पुढे सरकणाऱ्या ओळींकडे बघवेना आणि न बघून राहवेना. बाबा मात्र शांत. सकाळी चहा झाला की ते डाव्या हाताने पडद्याकडे बोट करायचे, लाव म्हणून.

एका दुपारी पाण्याचा टँकर आला. मी आणि आई हंडे, कळश्या घेऊन बाहेर गेलो. पहिला हंडा भरून मी अंगणात पाऊल टाकतो तोच आतून आवाज आला.

"थांबला! थांबला!"

मी हंडा तिथेच ठेवून आत पळालो. पडद्यावरच्या ओळी खरंच थांबल्या होत्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, डिस्कवर जागा उरली नाही. मी पुसता येईल असं काय काय आहे ते शोधू लागलो. कंपनीतल्या वेळचं काही, गाणी, असलंच. मागे दारात कळशी आपटली. वळून पाहिलं तर आई उभी होती, तोंडाला पदर लावून, आणि तिच्या पायांवरून पाणी वाहत होतं.

"कोण बोलला?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घरात बाबांशिवाय कोणीच नव्हतं.

ते पडद्याकडे बोट करून माझ्याकडे रागाने बघत होते, वर्गातल्या मुलाकडे बघावं तसे. "थांबला," ते पुन्हा म्हणाले, आणि जीभ अडखळली तरी शब्द अख्खा होता. थांबलं नाही, थांबला. डोंगराकडचा, त्यांच्या आईच्या तोंडचा. आई त्यांच्या पायाशी बसली आणि त्याच बोलीत भराभरा काहीतरी बोलू लागली. त्यांच्याशी ती अशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा ऐकत होते, मधेच "हा" म्हणत होते, आणि हा "हा" पहिल्यासारखा नव्हता.

शनिवारी ताई आली. आईने तिला दारातच सांगितलं. ती चपला न काढताच आत गेली आणि बाबांच्या समोर बसली. तोवर माझं काम उरकत आलं होतं. संध्याकाळी शेवटची ओळ आली आणि खाली काही त्रुटी न दाखवता यंत्र नुसतं गप्प झालं. मला विश्वास बसेना. मी ताईचं पहिलं पान घातलं. काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी, आणि तीन-चतुर्थांशाची रेघ सरळ, बारीक, पुसता न येण्यासारखी.

ताईने ते पान बाबांना वाचून दाखवलं. मला भीती वाटली, पण तिला थांबवलं नाही. नागलीच्या वाट्यांचं उदाहरण होतं. शेवटी प्रश्न होता, घरात कितीक राहिला? बाबांनी डावा हात वर केला.

"रहला," ते म्हणाले.

ताईला कळलं नाही. त्यांनी पानावर बोट आपटलं. "रहला. र... हला."

"राहिला नाही म्हणत का पाड्यावर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ताईने पेन काढलं आणि दुरुस्त केलं. मग पुढचा प्रश्न वाचला. पुढचे सगळे शनिवार हेच चाललं. काही शब्द त्यांना आठवायचे आणि तोंडातून निघायचे नाहीत, तेव्हा ते चिडायचे, आणि आई स्वयंपाकघरातून तो शब्द पुरवायची. दिवाळीतल्या भांडणाबद्दल दोघांपैकी कोणीही, कधीही, काही म्हटलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी छापलेली पुस्तकं घेऊन मी ताईबरोबर सूर्यमाळला गेलो. जीपमध्ये पुस्तकं मांडीवर होती. वर्गात एका मुलीने पहिलं पान उघडलं, दोन ओळी मोठ्याने वाचल्या, थबकली, आणि शेजारणीला कोपर मारून हसू लागली. मग दुसरी हसली. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "हसतायत म्हणजे कळतंय."

त्याच आठवड्यात मी ठाण्याला रुजू झालो. एसटीत खिडकीशी बसलो तेव्हा वाटलं होतं, आता सुटलो. विक्रमगड मागे पडलं तरी बसल्या जागी पाय हलत होते. कॉम्प्युटर घरीच ठेवला होता. पुढे आईने फोनवर सांगितलं की बाबा आता चार-चार शब्द जुळवतात, चिडले की जास्तच. आणि रोज चहा झाला की ते कॉम्प्युटर लावायला लावतात. त्यावर आता काहीच चालू नसतं, तरी.