हळदीआडची कावीळ

आमच्या गावच्या तेल लावणाऱ्या मावशीच्या हाताखालून गेलेली पोरं बोलायच्या आधी माडावर चढतात, असं अख्खी वाडी सांगे. मी तर म्हणते, एक पोर पाळण्यातून उठून थेट होडीच्या सुकाणूवर जाऊन बसलं होतं. अशी मावशी माझ्या पहिल्या बाळंतपणाला आली. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पण ती बातमी बाळंतिणीच्या खोलीत पोचली नव्हती. खिडक्या बंद, फटींत चिंध्या आणि उजेडाला एक चिमणी.

मावशी पाटावर पाय पसरून बसायची, लेकीला नडग्यांवर पालथी घालायची आणि खोबरेलात हळद कालवून चोळायची. पोर हळकुंडासारखी दिसू लागली. पाचवी पुजली आणि मला संशय आला. पोर नुसती झोपून, दूध ओढेना. दुपटं पिवळं, माझी बोटं पिवळी, चिमणीच्या उजेडात भिंतसुद्धा पिवळी. एवढ्या पिवळ्यात कावीळ येऊन बसली असेल, तर ती ओळखायची कुणी?

आईला विचारलं, तर म्हणाली, सोन्यासारखी कांती आलीय, दृष्ट लावू नकोस. मावशीने मात्र दुसऱ्या दिवशी हळद वाढवली. झालं, माझी खात्रीच पटली. बाईला कळलंय आणि ती झाकतेय.

पण हळदीला नको म्हणणं म्हणजे अशुभ. मग मी ग्रामदेवीलाच कामाला लावलं. सकाळी सांगितलं, देवी स्वप्नात आली, माडाएवढी उंच, आणि गरजली की बारशापर्यंत पोरीला हळद लावाल तर बघा. आईने तिथेच हात जोडले. मावशीने डोळे बारीक केले.

"देवीला हळद नको? आजवर तर तिचं हळदीबिगर चालत न्हाय."

"मला काय विचारतेस मावशी, तिलाच विचार."

पोरीला कोमट पाण्याने धुतलं, नुसतं खोबरेल लावलं आणि मी दार किलकिलं केलं. अंग अजून पिवळंच. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिकल्या सुपारीसारखं. आईने बैलगाडी जुंपायला निरोप धाडला. दुपारी बैलगाडीने तालुक्याच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी कपाळ बोटाने दाबलं, सोडलं, रंग पाहिला. दाबलेली जागा पिवळीच, म्हणजे कावीळ. उठवून उठवून पाजा म्हणाले. मालिश हलक्या हाताने करा, पोर जागी होईल, पोट साफ होईल, पण कावीळ उतरवणं तेलाचं काम नाही. अंग सैल पडलं किंवा दूध सोडलं, तर तडक इकडे आणा. मला त्यांचाही संशय आला. सगळी हाडं खिळखिळी करून आलो आणि बाटलीभर औषध नाही?

मग मी मावशीवर पहारा बसवला, म्हणजे मीच बसले. तेल हुंगायची, तिची नखं बघायची. ती तळपाय चोळी, पोटावरून हात फिरवी, आणि पोर डोळे उघडून भोकाड पसरी. मला वाटे, चिमटा काढते की काय. पण त्यानंतरच पोर दूध ओढायची.

"माझं हात कशाला बघतंस गो? पोरीचं तोंड बघ," मावशी एकदा म्हणाली.

मी दोन्ही बघत राहिले.

बारशाच्या आधी एका सकाळी तिला दारात नेलं आणि कपाळ दाबलं. बोटाखालचं पांढुरकं निघालं. खोटं वाटलं म्हणून पुन्हा दाबलं. त्यावर ती अशी कोकलली की खाडीतली लाँच भोंगा समजून धक्क्याला लागली असेल. मी तिला छातीशी धरलं, तर लुचायला लागली, आणि सोडीचना.