प्रचाराच्या रिक्षातले फारुखभाऊ

धुळ्यात निवडणूक लागली की उमेदवाराचा चेहरा नंतर दिसायचा, फारुखभाऊंचा आवाज आधी कानावर यायचा. एरवी हा माणूस बाजारात रफूचं काम करायचा. प्रचार सुरू झाला की वना नावाच्या दोस्ताच्या रिक्षात माईक धरून बसायचा. पक्ष कोणताही असो, बोलावेल त्याच्यासाठी. एकदा शिलाई मशीन चिन्हावरच्या अपक्षाला लोकांनी हसण्यावारी नेलं आणि तोच आमदार झाला. त्याचा प्रचार फारुखभाऊंनी केला होता, तेव्हापासून ते ‘मशीनवाले भाऊ’ झाले.

पूर्वी आसपासची खेडीही याच मतदारसंघात होती. तिथे ते अहिराणीत पुकारायचे. फेररचनेत खेडी तुटली, नुसतं शहर उरलं. पण देवपूरच्या बंगल्यांसमोरही “बठ्ठा बाहेर या हो!” अशी सगळ्यांना अहिराणीतच हाक तोंडातून निघून जायची आणि गॅलरीतल्या बाया हसायच्या.

या विधानसभेला प्रचार रंगात आला आणि त्यांचा आवाज बसला. खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं. शेवटी बायको रईसाने हट्टाने दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

फारुखभाऊ धसकले. थोरला भाऊ घशाच्याच दुखण्याने गेला होता. अखेरीस तो पाटीवर लिहून पाणी मागायचा. ते काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. मतदान केलं, बोटाला शाई लागली, पण कोणाला मत दिलं हे बोलायची इच्छाही उरली नव्हती.

रिपोर्ट नेमका मतमोजणीच्या दिवशी आला. पोलिसांनी मोठे रस्ते अडवले होते. वनाने गल्लीबोळांतून रिक्षा काढली आणि दोघांना दवाखान्यात पोचवलं. तिथे कंपाउंडरपासून पेशंटपर्यंत सगळे मोबाइलवर आकडे बघत होते. फारुखभाऊ मात्र डॉक्टरांच्या दाराकडे बघत होते.

“कॅन्सर नाही,” डॉक्टर म्हणाले. “ओरडून ओरडून आलेली साधी गाठ आहे. काढून टाकू. पण माईक आता बंद.”

रईसा भिंतीला टेकली आणि रडायलाच लागली. “चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी ओरडलात. आता माझ्याशी हळू बोला, तेवढं पुरे.”

फारुखभाऊंनी मान हलवली. हसू आलं, पण त्याला आवाज नव्हता.

बाहेर वना निकालाची खबर घेऊन धावत आला. “भाऊ, आपला मानूस पडना! डाक्टर काय बोलना?”

“काही नाही निघालं,” रईसा म्हणाली. “साधी गाठ शे!”

वनाने दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं. “मंग पडू दे त्याले!”

चौकात जिंकलेल्याची मिरवणूक आडवी आली. गुलाल उधळत होता, माईकवर कुणी नवखा पोरगा बेसूर ओरडत होता. वना वैतागून रिक्षा वळवू लागला. फारुखभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांबायची खूण केली. घाई कसलीच नव्हती. रईसाने मुलीला, माहेनूरला, फोन लावला आणि गोंगाटात ती ओरडून सांगू लागली, “अगं, अब्बू बरे आहेत! हो, बरे आहेत!”