आधी टॅक्स, मग मॅच

आमच्या पिट्सबर्गमध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, सकाळी घरोघरी मॅचसाठी चिकन विंग्ज तळतात. माझ्याबरोबरची नर्स बर्नाडेट ह्रुस्का त्या सकाळी आधी टॅक्सचं रिटर्न भरते. तिच्या वडिलांची शिस्तच तशी होती.

करोनाच्या वर्षी वॉर्डात माणसं कमी, म्हणून तिने डबल ड्यूट्या केल्या आणि कमाई वाढली. पुढच्या फेब्रुवारीत, सुपर बोलच्या सकाळी, तिने ती रिटर्नमध्ये इमानदारीत दाखवली. मार्चमध्ये सरकारने मदतीचे चेक वाटले, तेव्हा हिला ठेंगा! म्हणे, उत्पन्न जास्त.

तिचा धाकटा भाऊ वॉल्टर ट्रक चालवतो. त्याचीही कमाई तेवढीच वाढलेली, पण रिटर्नचे कागद अजून ट्रकच्या सीटखाली पडलेले. नवं रिटर्न नाही, म्हणून सरकारने त्याची आदल्या वर्षीची कमी कमाई धरली आणि चेक घरपोच धाडला.

"ताई, तुला घाई कुणी सांगितली होती?" तो दात काढत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मरणाऱ्यांचे हात धरून कमावलेलं जास्त झालं होय सरकारला?

 पुढच्या सुपर बोलला मात्र बर्नाडेट सकाळपासून विंग्ज तळत होती. वॉल्टरने रिटर्नचं विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या सीटखाली जागा आहे का रे?"