मागचा पदर पुढे

धागा कटिंगला बसलं की साडी कोणाची, जाणार कुठे, काही लक्षात राहत नाही. पण उठताना मांडीवर तुटलेल्या धाग्यांचा ढीग असतो, तो मात्र आपला! आमच्या तिघींच्या किश्श्यांचं तसंच झालं. बसलो होतो बऱ्या व्हायला आणि ढीग जमला तो हसण्याचा. कॅन्सरच्या बायका म्हटलं की लोक आधी चेहरा पाडतात. आमच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की शेजारची वहिनी दारात येऊन विचारायची, रिपोर्ट चुकीचा निघाला का म्हणून.

तिघी म्हणजे कोण ते सांगते. रंजनबेन पक्की सुरती, नवऱ्याचं लेस-बटणांचं दुकान. मंजुळाबाई जालन्याकडची, नवरा पॉवरलूमवर. आणि मी लता, शिरपूरकडची खानदेशी. लग्न होऊन सुरतच्या उधन्याला आले, नवरा डाइंग मिलमध्ये, मी घरी साड्यांना लेस लावायची, धागे कापायची, घड्या घालायची. प्लेग येऊन गेल्यानंतरची ही वर्षं. सुरत झाडून-पुसून लख्ख झाली होती, पण कॅन्सर हा शब्द अजून कोणी तोंडाने काढत नव्हतं. 'ती बिमारी' म्हणायचे आणि आवाज खाली घ्यायचे.

* * *

माझी गाठ डाव्या बाजूला निघाली. दवाखान्यात दोन डॉक्टर होते. एक काढणारा आणि एक लावणारा. लावणारा एरवी लूममध्ये अडकलेली बोटं आणि मिलमध्ये भाजलेले हात दुरुस्त करायचा. तो म्हणाला, पाठीच्या मांसाचा एक पट्टा कातडीसकट सोडवू, काखेतून पुढे आणू आणि छातीला नवा आकार देऊ. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. मला ते चित्र हिंदुस्थानच्या नकाशासारखं दिसलं. मी हो हो म्हणाले आणि बाहेर बाकावर येऊन रडायला लागले.

शेजारी एक जाडजूड बाई शेंगा सोलून खात बसली होती. तिने माझं रडणं थोडा वेळ ऐकलं. मग शेंगांची पुडी पर्समध्ये टाकली, माझा हात धरला आणि सरळ बायकांच्या बाथरूममध्ये नेलं. कडी लावली आणि ब्लाऊजची बटणं काढली.

"जोई लो. पछी रडवुं होय तो रडजो."

आधी बघून घे, मग रडायचं तर रड. मी बघितलं. व्रण होता, एका बाजूला कातडीचा रंग जरा वेगळा होता, पण बाई पुरी होती. हात लावून बघ म्हणाली, तर मी हातही लावला. डॉक्टरांनी कागदावर दाखवलं होतं, रंजनबेनने ब्लाऊज काढून दाखवलं. मला समजलं ते बाथरूममध्येच! बाहेर आल्यावर तिने उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत दिल्या. त्या बाईचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

* * *

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. मला एकच विचारायचं होतं. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. खानदेशातून सुरतेला आलेलं सगळं भाऊबंद त्या दिवशी आमच्या खोलीत मावतं. रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी घरातली थोरली सून कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन तापीवर जाते. थोरली सून मीच. तर मी विचारलं, श्रावणात माझ्याच्याने कानबाई उचलली जाईल का?

डॉक्टर गुजराती. त्यांनी विचारलं, तिचं वजन किती? मी म्हटलं, साहेब, देवीचं वजन कोणी करतं का!

ते हसले. म्हणाले, आधी डाव्या हाताने स्वतःची वेणी घाला, मग देवीचं बघू. पुढे इंजेक्शनं सुरू झाली आणि हात वेणीपर्यंत पोचायच्या आत वेणीच गेली. डॉक्टरांची अट आपोआप रद्द झाली! पण कानबाई माझ्या डोक्यातून गेली नाही. रात्री हात दुखायचा तेव्हा मी श्रावणाला किती महिने उरले ते मोजायची.

* * *

ऑपरेशननंतर रंजनबेन भेटायला आली. तिच्याबरोबर मंजुळाबाई होती. तिचं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, पण तिला नवीन काही लावलेलं नव्हतं. तिने विचारलं, तुझं नक्की काय केलं गं? मला नीट सांगता येईना. पाठीवरचं आहे, तोडलं नाही, फिरवलं, काखेतून पुढे घेतलं, असं काहीतरी मी पुटपुटले.

रंजनबेनने टाळी वाजवली. आपल्या मराठी बायकांचा पदर पुढून मागे जातो आणि गुजराती बायकांचा मागून पुढे येतो. तिने स्वतःचा पदर हाताने उचलून दाखवला.

"लताबेन, तमे तो गुजराती थई गया!"

टाके ताजे होते. हसले की जीव जायचा, तरी हसू थांबेना. नर्स धावत आली आणि दोघींना बाहेर काढलं. जाता जाता मंजुळाबाईने माझ्या उशाखाली डिंकाचा लाडू सरकवला.

* * *

मंजुळाबाईचा जुगाड आमच्यात प्रसिद्ध होता. ब्लाऊजच्या रिकाम्या बाजूला नुसता कापूस भरला तर हलका पडतो, एक खांदा वर आणि एक खाली दिसतो, म्हणून तिने कटपीसची पिशवी शिवली आणि तिच्यात बाजरी भरली. वजन अगदी बरोबर जमलं. चालताना कोणाला कळायचं नाही.

एकदा घामाने ओली झालेली पिशवी तिने गॅलरीत उन्हात ठेवली आणि पाणी भरायला गेली. येऊन बघते तर चाळीतल्या सगळ्या चिमण्या तिथे जेवायला बसलेल्या! पिशवी फाटलेली आणि बाजरी निम्मी. खालून लोक विचारत होते, मंजुळाबाई, आज चिमण्यांना काय घातलंत?

ती तशीच पदर गच्च लपेटून माझ्याकडे आली आणि खाली बसली. मला वाटलं रडेल.

"बाई, एकदा डाक्टरनं कापलं, आता चिमण्यांनी बी वाटा घेतला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बाजरी मागितली. मी डबा पुढे केला. त्या दिवशी आम्ही पिशवीला दुहेरी अस्तर लावलं.

* * *

माझी अडचण वेगळीच होती. मला पाठीला खाज सुटायची. सासूबाई बिचाऱ्या उलथन्याने, कंगव्याने, नखांनी खाजवून थकल्या, पण काही फरक पडेना. रंजनबेनला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, पाठ तिथे आहेच कुठे, पाठ तर पुढे आली! पुढे खाजवून बघ.

मी छातीवर बोट फिरवलं आणि पाठीला आराम पडला. खरंच सांगते! पुढे हात लावला की मला पाठीवर कळायचं. डॉक्टर म्हणाले, नसा जुन्याच आहेत, त्यांना पत्ता बदललेला माहीत नाही. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पाठ पुढे आणली तर खाज मागे कशाला ठेवली त्या डॉक्टरने?

पंचाईत व्हायची ती बाहेर. चारचौघांत पाठ खाजवलेली चालते, छाती कोण खाजवू देतं! रॉकेलच्या रांगेत मी डबा छातीशी धरून हळूहळू घासत उभी असायची. दुकानदार एकदा म्हणाला, मावशी, कोणी नेत नाही तुमचा डबा.

* * *

हात वर जावा म्हणून दवाखान्यात व्यायाम शिकवला होता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. मला कंटाळा यायचा. भिंत काही बोलत नाही! मग मंजुळाबाईने शक्कल काढली. साडीची घडी दोघींनी समोरासमोर उभं राहून घालायची असते. दोन्ही हात पसरायचे, वर न्यायचे, झटकायचे आणि जवळ यायचं. तिचा उजवा हात अडलेला, माझा डावा. समोरासमोर उभ्या राहिलो की दोघींचे अडलेले हात साडीच्या एकाच काठावर यायचे. तो काठ कायम खाली लोंबायचा.

माल पर्वत पाटिया भागातल्या सेठकडे जायचा. तो दर खेपेला कटकट करायचा. एक बाजू ताठ आणि एक बाजू झुकलेली, तुम्ही घडी घालता की झोपाळा बांधता? आम्ही ऐकून घ्यायचो आणि परत येऊन पुन्हा घड्या घालायचो. रंजनबेन खुर्चीत बसून हुकूम सोडायची, वर, अजून वर, मंजुळाबेन, चोरी नको! कधी मी रडायची, कधी मंजुळाबाई, पण साडी कोणी खाली सोडत नव्हतं, कारण सोडली की समोरचीला धक्का बसायचा.

आषाढ लागला तेव्हा गठ्ठा घेऊन गेलो. सेठने एक साडी उचलली, उलटी केली, दुसरी उचलली.

"इस बार घडी सीधी है," तो म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला.

त्याला काय माहीत तो काय बोलून गेला! आम्ही दोघी बाजारातून हात धरून बाहेर आलो आणि रसवंतीवर पहिल्यांदा रस प्यायलो. एवढा चांगला रिपोर्ट मला दवाखान्यातून कधी मिळाला नव्हता.

* * *

हात वर गेला, आता कानबाई उचलायची एवढंच राहिलं, असं मी धरून चालले होते. पण श्रावणाच्या तोंडावर भाऊबंद बसले आणि चुलतसासूने विषय काढला. खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, तर खंडित अंगाच्या बाईने कानबाई डोक्यावर कशी घ्यायची? यंदा धाकट्या सुनेने घ्यावी.

धाकटी सून म्हणजे माझी जाऊ सुमन. ती खाली मान घालून बसली होती. सुमनचं सांगायला हवं. माझ्या आजारपणात तिने माझं घर ओढलं, डबे दिले, पोरांच्या शाळा बघितल्या. पण ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्या जवळ बसली नाही, माझ्याकडे नीट बघितलं नाही. डबा ठेवायची आणि निघायची. तिची आई याच बिमारीने गेली होती, तेव्हा सुमन लहान होती. मला सगळं कळत होतं, तरी वाईट वाटायचं.

माझा नवरा छताकडे बघत होता. सासूबाई कोपऱ्यात गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कानबाईले बी दरसाल आपुनच डोया लावतस ना? मंग डाक्टरनी हिले लावं तं काय बिघडनं?"

कानबाई म्हणजे शेवटी नारळ. त्याला डोळे आपण लावतो, नाक आपण लावतो, नथ आपण घालतो आणि मग हात जोडतो. चुलतसासू रोटांना गहू किती लागतील ते विचारायला लागली. सासूबाईंनी पुन्हा सूप उचललं. माझं तोपर्यंत हसू आणि रडू एकदमच सुरू झालं होतं.

* * *

विसर्जनाच्या दिवशी सकाळी पाट माझ्या डोक्यावर ठेवला. उजव्या हाताने धरला, डावा नुसता टेकवला. आमच्या घरापासून तापी लांब, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत पायी, मग टेम्पो, मग पुलापासून खाली पाण्यापर्यंत पुन्हा पायी. माझ्या दोन्ही बाजूंना रंजनबेन आणि मंजुळाबाई होत्या, दर चार पावलांनी विचारायच्या, दुखतंय का? दुखत होतं. मी नाही म्हणत होते. गाणी अहिराणी, पण रंजनबेन त्यांच्यावर गरब्याच्या टाळ्या देत होती आणि आमच्या बायकाही तिच्या तालावर नाचत होत्या. गावाकडे ज्या तापीवर मी लहानपणी कपडे धुतले तीच इथे वाहत येते. तिच्या काठापर्यंत कानबाई माझ्या डोक्यावरून उतरली नाही.

पूजा झाली, विसर्जन झालं. रिकामा पाट नवऱ्याने घेतला. मी ओल्या वाळूत उभी होते तेव्हा सुमन समोर आली. तिने माझे दोन्ही हात तिच्या हातांत घट्ट धरले.

"जिजी, मना धीरच व्हये नही," ती म्हणाली. जवळ यायचा धीरच होत नव्हता तिला. मग डोकं माझ्या छातीवर टेकवून रडायला लागली, डाव्या बाजूला.

मी तशीच उभी राहिले. तिने हात सोडले नाहीत, मीही सोडवले नाहीत. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर कोणीतरी हात ठेवला, उबदार, जड, आईने ठेवावा तसा. मला वाटलं रंजनबेन असेल. पण रंजनबेन समोर गुडघाभर पाण्यात उभी राहून मंजुळाबाईच्या अंगावर पाणी उडवत होती. सासूबाई लांब पुलाजवळ टेम्पोत बसल्या होत्या.

मी मान वळवून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. पुढे सुमनचं डोकं तेवढं टेकलेलं होतं.