सुलभाच्या हातचा चहा

सुलभा माझी भावजय. लखनऊतल्या मराठी मंडळींपैकी कितीजणांना तिचं माहेरचं गाव ठाऊक होतं, देव जाणे. तिच्या हातचा चहा मात्र सगळ्यांनी प्यायलेला. बँकेत, रेल्वेत, कुठेही नवा मराठी माणूस बदलून आला की पहिल्या रविवारी इंदिरानगरात सदाशिवच्या घरी हजर. सदाशिव माझा धाकटा भाऊ, बँकेत नोकरीला; पोरं शाळेत. तो बैठकीत बसून आग्रह करायचा आणि आग्रहाचं सामान आतून सुलभा पुरवायची.

चहा ती उत्तम करायची, त्यात वाद नाही. पाणी कपाने मोजायची, साखर नि ठेचलेलं आलं त्यातच उकळायची, पत्ती टाकली की गॅस बंद आणि वर झाकण. दूध वेगळं, कडकडीत. सोबत घरचं काहीतरी हवंच. लसूण घातलेला लइयाचा चिवडा (तिकडे चुरमुऱ्यांना लइया म्हणतात), तिखटमिठाच्या पुऱ्या, कडबोळी. लखनऊत भाजणी कोण देणार? ही स्वतः धान्यं भाजून चक्कीवाल्यासमोर उभी राहून दळून आणायची. तिचा स्वतःचा कप मात्र ओट्यावर साय धरून पडलेला.

चौऱ्याण्णवच्या थंडीत तिचं गर्भाशय काढलं, तेव्हा मी सोलापूरहून गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दीड महिना पडून राहायचं, काही उचलायचं नाही. ती जखम नीट भरून यावी, एवढंच माझं काम होतं.

आणि लोक तिला बघायला येऊ लागले. शेजारच्या श्रीवास्तवबाई चहाचा थर्मास आणि मैद्याची खारी मठरी घेऊनच आल्या. "बीमार के घर हम चाय पीने थोड़े ही आएँगे, दीदी," म्हणाल्या आणि जाताना पेले विसळून ठेवून गेल्या. आपली मंडळी हात हलवत आली. मराठी मंडळाचे कार्यवाह माधवराव तर सहकुटुंब. चहा मी केला. त्यांनी एक घोट घेतला, छान आहे म्हणाले, पण वहिनींच्या चहाची सर नाही. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणतात, "काय वहिनी, चेहरा तर टवटवीत दिसतोय. पुढच्या खेपेला होऊन जाऊ दे तुमच्या हातचा."

सगळे हसले. अंथरुणातून सुलभाही हसली, पोटावर हात दाबून. मला घासात केस सापडल्यासारखं झालं.

ते गेल्यावर मी सदाशिवला म्हटलं, लोकांना सांग, महिनाभर येऊ नका. तो म्हणाला, "ताई, परमुलखात माणसं तोडून कसं चालेल?"

"पोट कुणाचं फाडलंय, तुझं की तिचं?" मी विचारलं. त्याने वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या रविवारी मी भाजी आणायला भूतनाथच्या बाजारात गेले होते. परत येते तर बैठकीत माधवराव आणि मंडळी पुऱ्या चावताहेत, आणि आत सुलभा एका हाताने ओटा धरून दुसऱ्या हाताने चहाचं भरलेलं पातेलं उतरवतेय. तेलाची कढई आधीच उतरवून झाली होती. कमरेपाशी लुगड्याला ओला लाल डाग. मी ओरडले तेव्हा कुठे सदाशिव उठला. माधवरावांनी कप संपवला, मग रिक्षा बोलवायला गेले.

टाके उसवले होते. पुन्हा घातले. डॉक्टरीणबाईंनी सदाशिवला इतरांदेखत झापलं, तो मान खाली घालून उभा राहिला.

लोकांना एवढ्याने अक्कल यावी? दोनच दिवसांत माधवराव पुन्हा दारात. म्हणे, असं कसं हो झालं? मी सदाशिवला स्वयंपाकघर दाखवलं आणि म्हटलं, आज तू कर. त्याने दूध, पाणी, पत्ती, साखर, आलं सगळं एकदम पातेल्यात ओतलं आणि रटारटा उकळलं. दूध नासलं. गोळे तरंगत असलेला तो करडा काढा त्याने तसाच कपात ओतून नेऊन ठेवला. माधवरावांनी ओठ लावला, कप सरकवून ठेवला आणि वहिनी हिंडूफिरू लागल्या की येतो, म्हणून उठले.

ही बातमी फिरली असावी. त्यानंतर श्रीवास्तवबाई सोडल्या तर एकही माणूस बघायला आला नाही. जखम सुकली, सुलभा घरात चालू लागली. एक दिवस खिडकीशी बसली असताना म्हणाली, "वन्सं, आताशा कुणी फिरकत नाही."

मला लपवाछपवी जमत नाही. मी सांगून टाकलं, ते तुला बघायला येतच नव्हते, चहा प्यायला येत होते.

"ते का मला कळत नाही?" ती म्हणाली. "पण येत तरी होते. ह्यांना बँक आहे, पोरांना त्यांचे मित्र. माझ्याशी मराठीत बोलायला इथे कोण आहे, वन्सं?"

मला त्या लोकांची शिसारी मात्र तेवढीच राहिली, किंबहुना वाढली. ही बाई इतकी एकटी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याच्याच जोरावर ते खात होते.

डॉक्टरीणबाईंनी हिंडायला परवानगी दिली त्या रविवारी माधवराव आले. सुलभाने चहा ठेवला, कडबोळ्यांचा डबा काढला. मी बैठकीत गेले नाही. सोलापूरचं तिकीट काढलेलंच होतं, आतल्या खोलीत बॅग भरत बसले. बाहेरून तिचं हसणं ऐकू येत होतं.